नांदगावच्या तिठ्यावरचं जीवशास्त्र

४ मे २०२५ च्या रविवारी देशभरातल्या बावीस लाखांहून अधिक मुलांनी 'नीट' ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा दिली. दुसऱ्याच दिवशी, ५ मे रोजी, महाराष्ट्राचा बारावीचा निकाल लागला. राज्याचा निकाल ९१.८८ टक्के, कोकण विभागाचा ९६.७४ टक्के. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचं मिळून बनलेलं कोकण विभागीय मंडळ स्वतंत्र झाल्यापासून, २०१२ पासून, निकालात सतत पहिलं येत आलं आहे. या जिल्ह्यांतल्या मुलांनी, पालकांनी आणि शिक्षकांनी मेहनतीने मिळवलेलं हे यश आहे आणि त्याचा अभिमान वाटायलाच हवा.

विज्ञान शाखेच्या ज्या मुलांनी जीवशास्त्र घेतलं होतं, त्यातल्या अनेकांच्या आयुष्याचा रस्ता त्या दोन दिवसांनी ठरवला. एप्रिलमध्ये राज्याची 'सीईटी'ही होऊन गेली होती. म्हणजे एकाच विषयाची एकाच मुलाकडून काही आठवड्यांच्या अंतरात तीन वेळा तपासणी. इतकं तपासल्यावर त्या मुलाला जीवशास्त्र किती कळलं आहे, ते आपल्याला नेमकं सांगता यायला हवं. तसं सांगता येतं का, याचा शोध मी कणकवली तालुक्यातल्या नांदगावच्या आधाराने घ्यायचं ठरवलं.

नांदगाव निवडलं ते त्याच्या जागेमुळे. मुंबई-गोवा महामार्गावरचं हे गाव. कोकण रेल्वेचं 'नांदगाव रोड' स्टेशन इथलंच. महामार्गाला देवगड-निपाणी रस्ता इथे छेदतो. तिठ्यावरून पूर्वेला वळलं की फोंडाघाट, घाट चढला की दाजीपूर-राधानगरीचं गव्यांचं रान. पश्चिमेला वळलं की आंब्याच्या बागा, जांभ्याचे सडे आणि शेवटी देवगडच्या खाडीतली कांदळवनं. सह्याद्रीच्या सदाहरित जंगलापासून भरती-ओहोटीच्या चिखलापर्यंतचं जीवशास्त्र एका एसटीच्या फेरीत बघता येईल अशी ही जागा. बारावीच्या पुस्तकात जे पंधरा पाठ आहेत, त्यातल्या बहुतेकांचं उदाहरण या रस्त्यावर कुठे ना कुठे उभं आहे.

तीन परीक्षा, तीन नजरा

आधी परीक्षा काय विचारतात ते पाहू.

राज्य मंडळाची बारावीची जीवशास्त्राची लेखी परीक्षा ७० गुणांची आणि तीन तासांची असते. त्यात दहा गुण पर्यायी प्रश्नांना, आठ गुण एका-एका वाक्याच्या उत्तरांना. मग दोन गुणांचे आठ, तीन गुणांचे आठ आणि चार गुणांचे तीन प्रश्न सोडवायचे. उरलेले ३० गुण प्रात्यक्षिकाचे. मुलाला स्वतःच्या वाक्यांत लिहायला, आकृती काढायला, कारण मांडायला जागा आहे ती फक्त याच परीक्षेत. मात्र विचारलं जातं ते बहुतांश फरक स्पष्ट करा, नामनिर्देशित आकृती काढा, व्याख्या लिहा, टीप लिहा या चाकोरीतलं. मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि आदर्श उत्तरं पाठ केली की बराच पल्ला गाठता येतो.

'सीईटी'त जीवशास्त्राचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे. चुकीला दंड नाही. ८० टक्के भर बारावीवर, २० टक्के अकरावीवर.

आणि 'नीट'. २०२५ मध्ये १८० प्रश्न, १८० मिनिटं, त्यातले ९० प्रश्न जीवशास्त्राचे. ७२० पैकी ३६० गुण म्हणजे निम्मं ओझं या एका विषयावर. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. दोन विधानं देऊन कोणतं खरं ते ओळखा, जोड्या जुळवा, विधान आणि कारण तपासा, असे प्रश्नांचे साचे. प्रश्न 'एनसीईआरटी'च्या पुस्तकाला इतके धरून येतात की ते पुस्तक 'लाइन बाय लाइन' करा, हा शिकवणीवर्गांचा मंत्र झाला आहे. मंडळाचं पुस्तक 'बालभारती'चं, 'नीट'चं पुस्तक 'एनसीईआरटी'चं. नांदगावसारख्या ठिकाणचा मुलगा ही दोन्ही पुस्तकं घेऊन बसतो. दहावीपर्यंत मराठीत विज्ञान शिकलेला असतो आणि अकरावीत पाय ठेवताच सगळं इंग्रजीत. 'नीट' मराठीतून देता येते, पण अकरावी-बारावी इंग्रजीत शिकल्यावर तो पर्याय घेणारे मोजकेच.

'नीट'चा हेतू वेगळा आहे, हे मान्य करायला हवं. बावीस लाखांतून वैद्यकीय जागांसाठी मुलं निवडायची तर संगणकाने तपासता येईल अशीच परीक्षा लागते. निवडीची चाळणी म्हणून ती काम करते. २०२४ मध्ये पेपरफुटीच्या तक्रारी, वाढीव गुणांचा वाद आणि १,५६३ मुलांसाठी फेरपरीक्षा झाली, तेव्हा या चाळणीवरचा विश्वास हलला. पण तो कारभाराचा प्रश्न. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. ही चाळणी जे मोजते त्यालाच आपण जीवशास्त्राचं ज्ञान समजू लागलो आहोत. जे परीक्षेत येतं तेच वर्गात शिकवलं जातं, तेच घरी विचारलं जातं आणि हळूहळू मुलालाही जीवशास्त्र म्हणजे तेवढंच वाटू लागतं.

पाठ आहे, पण कळलंय का?

एक साधा प्रश्न घ्या. हापूसचं मोठं झाड शेकडो किलोंचं होतं. हे वजन आलं कुठून?

प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण तोंडपाठ असलेली मुलंही या प्रश्नाला 'मातीतून' असं उत्तर देतात. जगभरच्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासकांना हे वारंवार दिसलं आहे, नामांकित विद्यापीठांतल्या पदवीधरांतसुद्धा. बेल्जियमच्या व्हान हेल्माँटने सतराव्या शतकात विलोचं रोप तोलून घेतलेल्या मातीत पाच वर्षं वाढवलं. झाडाचं वजन सत्तर किलोंहून अधिक वाढलं आणि माती कमी झाली ती काही ग्रॅम. त्याचा हा वृत्तान्त १६४८ मध्ये, तो गेल्यावर, प्रसिद्ध झाला. त्याने निष्कर्ष काढला की झाड पाण्याचं बनतं. तो अर्धाच बरोबर होता. लाकडातला कार्बन हवेतून, कार्बन डायऑक्साइडमधून येतो. समीकरण लिहिणाऱ्या मुलाने हीच गोष्ट कागदावर लिहिलेली असते, पण ते समीकरण आणि परड्यातलं झाड यांची गाठ त्याच्या मनात पडलेली नसते.

असे गैरसमज फुटकळ नसतात, त्यांना स्वतःचं तर्कशास्त्र असतं. झाडं दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात आणि श्वसन फक्त रात्री करतात. प्रभावी जनुक म्हणजे लोकांत जास्त आढळणारं लक्षण. डासांना औषधाची 'सवय' झाली म्हणून ते मरत नाहीत. ही तिन्ही वाक्यं ऐकायला पटतात आणि तिन्ही चूक आहेत. झाडाचं श्वसन चोवीस तास चालू असतं. हाताला सहा बोटं असणं हे बऱ्याचदा प्रभावी जनुकामुळे होतं, तरी तशी माणसं विरळाच. आणि एकेका डासाला सवय होत नसते. औषधाला दाद न देणारे थोडे डास मुळातच असतात, बाकीचे मरतात आणि पुढच्या पिढ्या या थोड्यांच्या होतात.

चांगली परीक्षा या गैरसमजांवरच बोट ठेवते. २००२ मध्ये अमेरिकेतल्या अँडरसन, फिशर आणि नॉर्मन या संशोधकांनी नैसर्गिक निवडीवर वीस प्रश्नांची एक चाचणी तयार केली. प्रश्न पर्यायीच होते. पण चुकीचे पर्याय प्रश्नकर्त्याने टेबलाशी बसून रचलेले नव्हते, विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष चुकीच्या समजुतींतून घेतलेले होते. त्यामुळे मुलाने कोणता चुकीचा पर्याय निवडला यावरून त्याचा विचार कुठे अडला आहे ते शिक्षकाला दिसतं. पर्यायी प्रश्न म्हणजे उथळ प्रश्न, असं म्हणूनच नाही. उथळपणा प्रश्न रचणाऱ्याच्या घाईत असतो.

रस्त्याकडेचे प्रश्न

आता तिठ्यावर परत येऊ आणि पश्चिमेचा रस्ता धरू. बारावीच्या मुलाला इथे काय विचारता येईल?

पहिला प्रश्न रतांब्याचा. कोकमाची रोपं बियांपासून लावली तर सात-आठ वर्षं वाट पाहावी लागते आणि मग त्यातली जवळपास निम्मी झाडं फळच धरत नाहीत. शेतकरी त्यांना 'नर' म्हणतो आणि तोडतो. कोकमात नर झाड आणि मादी झाड वेगळं असतं, हे सपुष्प वनस्पतींच्या प्रजननाच्या पाठात बसणारं उदाहरण. प्रश्न असा: शेतकऱ्याने बियांऐवजी मादी झाडाच्या फांदीचं कलम बांधलं तर काय बदलेल? सगळ्याच नर झाडांवर कुऱ्हाड चालवली तर बागेचं काय होईल? उत्तरात मुलाला लिंगी आणि अलिंगी प्रजनन, परागण आणि जनुकीय सारखेपणा या तिन्ही गोष्टी एकत्र वापराव्या लागतील. एकही व्याख्या पाठ करून या प्रश्नाला पुरत नाही.

दुसरा आंब्याचा. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' ही जात झाली आणि १९८१ मध्ये ती शेतकऱ्यांना मिळाली. हापूसमध्ये साका (गराचा स्पंजासारखा बिघाड) होतो, तो रत्नात होत नाही. पुढे रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून १९९२ मध्ये 'सिंधू' आली, जिची कोय अगदी पातळ असते. मेंडेलचे वाटाणे पुस्तकात असावेतच, पण संकर, पुन्हा मूळ जातीशी संकर आणि निवड ही सगळी प्रक्रिया आपल्याच जिल्ह्यात घडलेली आहे. मुलाला विचारा: रत्नाच्या आंब्याची कोय परड्यात पेरली तर उगवणाऱ्या झाडाला रत्नाचेच आंबे येतील का? मग देवगडच्या बागेतल्या हापूसचे आंबे दरवर्षी हापूसच कसे असतात? कोय कलम बांधणाऱ्या घरातल्या पोराला या प्रश्नाचं निम्मं उत्तर लहानपणापासून माहीत असतं. शाळेने उरलेलं निम्मं, म्हणजे 'का', त्याला द्यायचं असतं.

तिसरा कांदळवनाचा. खाडीच्या चिखलातून तिवरीची मुळं बोटांसारखी वर आलेली असतात. कांदळाची बी झाडावरच रुजते आणि लांब शेंगेसारखं रोप चिखलात पडतं. पाण्याच्या वहनाचा पाठ शिकलेल्या मुलाला विचारायचं: खारट पाण्यात उभं राहून हे झाड पाणी कसं ओढतं? तुमच्या घरच्या भाताच्या रोपाला तेच पाणी घातलं तर काय होईल आणि का? मुळांना हवेत यायची गरज का पडली? परासरणाची व्याख्या लिहिणं आणि परासरण वापरून एक झाड समजून घेणं, यातला फरक या प्रश्नात उघडा पडतो.

चौथा माकडतापाचा. तो थोडा अवघड आहे, म्हणून मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात हा विषाणूजन्य आजार पहिल्यांदा ओळखला गेला. सिंधुदुर्गात २०१६ पासून दोडामार्ग आणि बांदा परिसरात त्याने माणसं दगावली. माकडं मरून पडली की लोकांना धोका कळायचा. गोचिडीमार्फत हा आजार पसरतो. रुग्ण साधारण हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वाढतात आणि पावसात कमी होतात. या वस्तुस्थितीची दोन कारणं संभवतात. एक, कोरड्या महिन्यांत गोचिडीची पिल्लं जास्त चावतात. दोन, याच महिन्यांत माणसं काजू वेचायला आणि लाकूडफाट्यासाठी रानात जास्त जातात. मुलाला विचारायचं: कोणतं कारण खरं, की दोन्ही? हे ठरवायला तुम्ही कोणती माहिती गोळा कराल? आणि या तापावर प्रतिजैविकं का चालत नाहीत? 'मानवी आरोग्य आणि रोग' या पाठाचा खरा उपयोग या प्रश्नाच्या उत्तरात आहे. विज्ञानाची पद्धतही त्यातच आहे, कारण एकाच निरीक्षणाची दोन स्पष्टीकरणं समोर आल्यावर निवड कशी करायची हेच विज्ञान शिकवतं.

पाचवा मासेमारी बंदीचा. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिक मासेमारी बंद असते. मालवण-देवगडच्या प्रत्येक घरात या बंदीवर मत आहे. लोकसंख्येचं परिस्थितिकीशास्त्र शिकलेल्या मुलाला विचारावं: एखाद्या जातीच्या माशाला या बंदीचा फायदा होतो की नाही हे सांगायला त्या माशाबद्दल कोणत्या तीन गोष्टी माहीत असायला हव्यात? विणीचा काळ, पहिल्यांदा अंडी घालण्याचं वय, पिल्लं वाढण्याची जागा, अशी उत्तरं येऊ शकतात. ती देणारा मुलगा उद्या मच्छीमार सोसायटीच्या बैठकीतही ऐकण्यासारखं बोलेल.

अडचणी खऱ्या आहेत

असे प्रश्न मंडळाच्या पेपरात का येत नाहीत? उत्तर सोपं नाही आणि शिक्षकांना दोष देऊन ते मिळणारही नाही.

पेपर सगळ्या राज्याला एक. रतांबा कोकणातल्या मुलाला ओळखीचा, गोंदियाच्या मुलीला परका. तिथलं मोहाचं झाड इथल्याला परकं. एका भागाला झुकतं माप देणारा प्रश्न अन्याय करतो. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांपुढे ठरलेल्या वेळात गठ्ठे असतात. मोकळ्या उत्तराला किती गुण द्यायचे यावर दोन परीक्षकांत एकमत होईलच असं नाही, आणि एकेका गुणावर प्रवेश ठरत असताना पालक ते मान्य करणार नाहीत. पाठांतराचा प्रश्न सगळ्यांना 'न्याय्य' वाटतो, कारण त्याचं उत्तर पुस्तकात बोट ठेवून दाखवता येतं.

यातून वाट काढण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम भारतात आले होते आणि आपल्या परीक्षा स्मरणाच्या पायरीवर अडकल्या आहेत हे तेव्हाच चर्चेत आलं होतं. अलीकडे 'सीबीएसई'ने २०२४-२५ पासून अकरावी-बारावीच्या पेपरात निम्मे गुण क्षमताधारित प्रश्नांना दिले आहेत. परिच्छेद, तक्ता किंवा प्रसंग देऊन त्यावर विचारायचं, अशी ही रीत. तिच्यात न्यायाच्या अडचणीवर उपायही आहे: प्रश्नातच लागणारी माहिती द्या. कोकम म्हणजे काय, त्यात नर-मादी झाडं वेगळी असतात, हे चार ओळींत सांगितलं की गोंदियाची मुलगीही त्याच प्रश्नावर तितक्याच ताकदीने विचार करू शकते. मोहाचा प्रश्न आला तर नांदगावचा मुलगा करेल. माहिती प्रश्नपत्रिका देईल, विचार मुलाने द्यायचा.

जीवशास्त्र हाताने आणि डोळ्याने तपासता येतं, याचा पुरावा आपल्या घरातच आहे. आंतरराष्ट्रीय जीवशास्त्र ऑलिंपियाड १९९० मध्ये ओलोमौत्स इथे सुरू झालं. भारत २००० पासून त्यात आहे आणि २००८ मध्ये ते मुंबईत भरलं. निवडीचं काम मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात चालतं. या स्पर्धेत लेखी चाचणीइतकंच महत्त्व प्रयोगशाळेतल्या चाचणीला असतं. देशाच्या संघात चारच मुलं जातात, हे खरं. पण बारावीच्या वयाच्या मुलाला न पाहिलेला नमुना देऊन, मोजमाप करायला लावून, निष्कर्ष काढायला सांगता येतो हे तिथे दर वर्षी सिद्ध होतं.

तीस गुण

मला या लेखात जे म्हणायचं आहे ते इथे येऊन थांबतं. लेखी पेपर पुण्याहून येतो, 'नीट' दिल्लीहून. नांदगावच्या हातात जे आहे ते प्रात्यक्षिकाचे ३० गुण आणि वर्षभरातल्या शाळेच्या चाचण्या.

प्रात्यक्षिक परीक्षेचं आजचं रूप अनेक ठिकाणी ठरून गेलेलं आहे. जर्नल पूर्ण, त्यावर सही, बरण्यांतले आणि स्लाइडवरचे तेच ते स्पॉट, त्यांची तीच ती लक्षणं. निकालावर परिणाम होऊ नये म्हणून गुणही सढळ. परिणामी ज्या ३० गुणांत मूल खरोखर बघू शकलं असतं, त्याच ३० गुणांत ते सर्वांत कमी बघतं.

यात बदल आपल्या पातळीवरच सुरू करता येतो. परागकणांची वाढ बघायचा प्रयोग आहे, तर फुलं शाळेच्या कुंपणावरची असू द्या आणि प्रत्येकाने वेगळं फूल आणावं. मातीचा सामू आणि पाणी धरण्याची क्षमता तपासायची आहे, तर सड्यावरची जांभ्याची माती, मळ्यातली भाताची माती आणि खाजणातली माती शेजारी-शेजारी ठेवा आणि विचारा, इथे काय लावाल, का? चौकट टाकून झाडं मोजायची आहेत, तर पावसाळ्यात फुललेल्या सड्यावर चौकट टाका आणि तेच मार्चमध्ये पुन्हा मोजा. स्पॉटमध्ये एक नमुना असा ठेवा जो जर्नलमध्ये नाही, आणि गुण नावाला न देता निरीक्षणाला द्या. मुलाने नाव चुकवलं पण पानांची मांडणी, शिरा, फुलाचे भाग नीट टिपले, तर त्याला पूर्ण गुण मिळायला हवेत. मालवणीत बोलणाऱ्या मुलाने 'ह्या झाडाक वल्या जाग्यात बरा वाटता' असं सांगितलं, तर ते निरीक्षण आहे. त्याला परीक्षेची भाषा देणं हे आपलं काम.

या जिल्ह्यात बघण्यासारखं किती आहे याचा अंदाज नव्या शोधांवरूनही येतो. आंबोलीच्या हिरण्यकेशीतला 'शिस्तुरा हिरण्यकेशी' हा छोटा मासा २०२० मध्ये विज्ञानाला नवा म्हणून नोंदला गेला आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. आंबोलीचाच एक भेक २००९ मध्ये नव्या नावाने जगापुढे आला. १९८७ पासून मालवणचा समुद्र हे सागरी अभयारण्य आहे. अजून नाव न मिळालेले जीव या जिल्ह्यात असण्याची शक्यता भरपूर आहे. ते शोधायला जी नजर लागते ती चार पर्यायांतून एक निवडण्याच्या सरावाने येत नाही.

आणि ही नजर डॉक्टर होऊ पाहणाऱ्यालाही लागते. सिंधुदुर्गात ओरोसला २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. नांदगावची एखादी मुलगी 'नीट' देऊन तिथे शिकेल आणि एक दिवस तापाचा रुग्ण तिच्यासमोर बसेल. लेप्टोस्पायरोसिस की माकडताप की साधा फ्लू, हे ठरवताना समोर पर्याय छापलेले नसतील. रुग्ण शेतात होता की रानात, कोणत्या महिन्यात, त्याच्या वाडीत माकड मेलं होतं का, हे तिला स्वतः विचारावं लागेल. प्रश्न विचारायची ही सवय बारावीतच लागली पाहिजे, आणि ती लावायची जागा प्रात्यक्षिकाचं टेबल आहे.

कोकण विभागाने निकालात राज्याला सातत्याने वाट दाखवली आहे. आता याच विभागातल्या कनिष्ठ महाविद्यालयांनी येत्या प्रात्यक्षिकांत तीस गुणांपैकी निदान दहा गुण मुलाने स्वतः बघून, स्वतः मोजून, स्वतः मांडलेल्या गोष्टीसाठी राखून ठेवावेत. निकालाची टक्केवारी त्याने फारशी हलणार नाही. पण त्या दहा गुणांत मुलाला जे कळलं असेल, ते त्याचं स्वतःचं असेल. पुढची कोणतीही परीक्षा, 'नीट'सुद्धा, तो अधिक भक्कम पायावर उभा राहून देईल.